डावीकडचे ठिपके

आमच्या चित्रकलेच्या सरांना शिक्षकखोलीत बसवत नाही. तिथे सतत कोणीतरी गुणपत्रकाची बेरीज मोठ्याने करत असतं. म्हणून ऑफ तासाला ते कोणाच्या तरी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि स्केचबुकात काहीबाही काढत राहतात. चार वर्षांपूर्वी असेच ते माझ्या आठवीच्या वर्गात येऊन बसले होते. मी प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते. तास संपल्यावर त्यांनी एक पान फाडून माझ्या हातात ठेवलं. वर्गाचा नकाशा होता तो. बाकांच्या रांगा, फळा, फळ्यापुढे काडीसारखी मी, आणि बाकांवर पेन्सिलीचे ठिपके.

“तुम्ही ज्याच्याशी बोललात त्याच्या जागी एक ठिपका,” ते म्हणाले. “हात चालू राहावा म्हणून करत होतो. पण बाई, चित्र एका बाजूला कललंय.”

कललं होतं खरंच. आमच्या वर्गात डावीकडे मुलगे बसायचे, उजवीकडे मुली. डावीकडे ४१ ठिपके, उजवीकडे १३.

यावर मी जे बोलले ते विज्ञानाच्या शिक्षिकेला शोभण्यासारखं नव्हतं. एका तासावरून काय कळतं, नमुना लहान आहे, आज विषयच तसा होता, असं काय काय मी बोलत सुटले. खरं तर राग आला होता. पदवीला भौतिकशास्त्राच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. उपकरणाला हात लावायला मिळायचा तो सगळ्यांचं झाल्यावर, शिपाई प्रयोगशाळेचं कुलूप घेऊन दारात उभा असताना. अशा बाईला कोणी सांगावं, की तुझं मुलींकडे लक्ष नाही?

सरांनी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात परत येऊन बसले. या वेळी मी सावध होते, मान मुद्दाम उजवीकडे वळवून शिकवत होते. मान आखडली म्हणा ना. तरी डावीकडे २९ आणि उजवीकडे १७. आणि मला तासभर वाटत होतं, की मी आज फक्त मुलींनाच विचारतेय.

तिसऱ्या खेपेला आम्ही दोघांनी मिळून खुणा ठरवल्या. हात वर करून बोलायला मिळालं तर ठिपका, न विचारता मध्येच उत्तर फेकलं आणि मी ते उचललं तर फुली. फुल्या जवळजवळ सगळ्या डावीकडे पडल्या, आणि त्याही चारच बाकांवर. “बाई बाई, मी सांगतो” म्हणत अर्धे उठून उभे राहणारे ते चौघे. त्यांच्या मागे बसणारे पंधरा-सोळा मुलगे उजवीकडच्या मुलींइतकेच कोरे होते. म्हणजे मी मुलग्यांना शिकवत नव्हते. मी चार जणांना शिकवत होते आणि बाकीचा वर्ग ते बघत होता.

पानाच्या कडेला सरांनी आणखी एक नोंद केली होती. उजवीकडच्या एकीने एकदा तसंच मध्येच उत्तर दिलं होतं. उत्तर बरोबर होतं. त्यावर माझे शब्द: “हात वर करून.” त्या चौघांना हे मी एकदाही म्हटलं नव्हतं.

मायरा आणि डेव्हिड सॅडकर या अमेरिकन दाम्पत्याने १९८० च्या दशकात शंभराहून अधिक वर्गांत बसून अशाच नोंदी केल्या होत्या. मुलग्याने मध्येच उत्तर ओरडलं तर शिक्षक ते ऐकून पुढे जातात आणि मुलीने तेच केलं तर तिला हात वर करायची आठवण करून देतात, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. बीएड करताना हे मी वाचलं होतं, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. ते माझ्याबद्दल आहे हे मात्र तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

पहिला उपाय अगदी साधा निघाला, थांबायचं. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग कोणाला तरी उभं करतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद थांबलं, तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारे बोलू लागतात, “माहीत नाही” कमी होतं. तीन सेकंद म्हणजे किती, हे वर्गापुढे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बस निघून गेल्यासारखं वाटतं. मी खडू मुठीतल्या मुठीत तीनदा फिरवायची सवय लावून घेतली. फिरवून होईपर्यंत कोणाचंही उत्तर घ्यायचं नाही, चौघांचं तर नाहीच.

पंधरा दिवसांनी चौघांतला एक मधल्या सुट्टीत रुसून आला. “बाई, तुम्ही मला आता विचारतच नाही.” मी वही काढून दाखवली. आठवड्यात त्याला सहा वेळा विचारलं होतं आणि वर्गातल्या बहुतेकांच्या वाट्याला दोन-दोन वेळा आलं होतं. तो बराच वेळ त्या खुणांकडे बघत राहिला. खोटं बोलत नव्हता तो, त्याला खरोखर तसं वाटत होतं. माझी मान आखडली होती तेव्हा मलाही वाटलंच होतं की.

मोजायची सवय लागली की मग हात कुठेही जातो. मी जुन्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती काढल्या आणि माझेच शेरे वाचायला बसले. नावं झाकून वाचायचं ठरवलं होतं, पण मराठी विशेषणं चुगली करतात. “नीटनेटकी” म्हटलं की कळलंच. मग फक्त दोन शब्द मोजले. “हुशार” हा शब्द मी त्या वर्षी बारा जणांना लिहिला होता, त्यांतले दहा मुलगे. त्यांतही निम्म्यांना “हुशार आहे, पण मेहनत घेत नाही”. “मेहनती” जवळजवळ सगळ्या मुली. मुलग्याला पडलेले गुण हा त्याच्या डोक्याचा केवळ नमुना, खरं डोकं अजून बाहेर यायचंय. मुलीला पडलेले गुण मात्र तिने घासून घासून मिळवलेले, म्हणजे तिच्याकडे होतं तेवढं सगळं संपलं. असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. शेऱ्यांत मात्र होतं.

कॅरल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये वर्गांतल्या बोलण्याचं असंच पृथक्करण केलं होतं. मुलग्यांना मिळणारी बोलणी मुख्यतः वागण्याबद्दल, गबाळेपणाबद्दल असत. मुलींच्या चुका दाखवल्या जात त्या मात्र बुद्धीशी संबंधित. पुढे २०१७ मध्ये लिन बिआन, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांनी लहान मुलांना गोष्ट सांगितली: एक व्यक्ती आहे, खूप खूप हुशार आहे, यांतली कोणती असेल? पाच वर्षांच्या मुली मुलग्यांइतक्याच सहज आपल्यासारखीकडे बोट दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते प्रमाण घसरलं होतं, आणि “हा खूप हुशार मुलांचा खेळ आहे” म्हटलं की त्यांना तो खेळ कमी हवासा वाटत होता. सहा-सात वर्षं! माझ्याकडे ती तेरा वर्षांची होऊन येतात. मी शेरा लिहीपर्यंत कोणीतरी तो आधीच लिहून ठेवलेला असतो.

आता मी “हुशार” लिहीत नाही, कोणालाच नाही. काय केलं ते लिहिते. “आरशाच्या प्रयोगात कोन चुकतोय हे स्वतः शोधलं.” वेळ तिप्पट लागतो. शिक्षकखोलीतल्या बेरजा करणाऱ्या मंडळींना हे फार गमतीचं वाटतं.

हजेरीपटावर आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली. म्हणजे रोज सकाळी वर्गात पहिली चोवीस नावं मुलग्यांची. रांगा दोन. कवायतीला दोन गट. वर्ग पेंगायला लागला की मी स्वतः “मुलगे विरुद्ध मुली” अशी प्रश्नमंजूषा घ्यायची, हमखास जाग यायची. यात कोणाला काही वाईट म्हटलेलं नसतं, आणि म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन यांचा २०१० मधला एक प्रयोग आहे, बालवाडीतल्या मुलांवरचा. काही वर्गांत शिक्षकांनी दोन आठवडे फक्त एवढंच केलं: रांगा वेगळ्या लावल्या, बोलताना “मुलगे”, “मुली” असा उल्लेख केला. स्पर्धा नाही, तुलना नाही. दोन आठवड्यांत त्या मुलांचे साचेबंद समज वाढले आणि त्यांचं एकमेकांत मिसळून खेळणं कमी झालं. आपल्याकडे शाळा दहा वर्षं चालते.

मी मोठ्या उत्साहाने आसनव्यवस्था मोडली. “एक मुलगा, एक मुलगी, एक मुलगा, एक मुलगी.” वर्ग थिजला. कोपरे आत ओढून, दप्तर मध्ये भिंतीसारखं ठेवून बसले सगळे. दोन दिवसांनी लक्षात आलं, की शाळेत ही शिक्षा आहे! “बडबडतोस? जा, मुलींमध्ये बस.” शिक्षेची पद्धत मी अख्ख्या वर्गाला लावली होती, आणि वर बाकाबाकावर आठवण करून दिली होती, की तू मुलगा, तू मुलगी. महिन्याच्या पहिल्या दिवशी डब्यातून चिठ्ठी काढायची, चिठ्ठीवर बाकाचा क्रमांक, हे त्यानंतर सुचलं. कधी तिघी मैत्रिणी एका रांगेत येतात, कधी नाही. चिठ्ठीला कोणी दोष देत नाही. हजेरीपटाचा क्रम मात्र कार्यालयाने बदलू दिला नाही, कारण “प्रणालीत तसंच येतं”. माझ्या वहीत मी वर्णानुक्रम लावला आणि एक दिवस शेवटापासून, एक दिवस मधूनच सुरू करते. ‘अ’ने सुरू होणाऱ्यांचे हाल कमी झाले, हा वरचा फायदा.

आता भाषेकडे येते, कारण तिथे मी सगळ्यात जास्त अडखळले.

एक जुना आणि सोपा प्रयोग आहे, मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगायचं. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये अशा ४८०७ चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत स्त्री शास्त्रज्ञ होत्या २८, आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली होती. नंतरच्या दशकांत अमेरिकेतल्या मुलांच्या चित्रांत स्त्रियांचं प्रमाण बरंच वाढलं, सरासरी २८ टक्क्यांपर्यंत. मात्र मूल जितकं मोठं तितका चित्रातला शास्त्रज्ञ पुरुष असण्याची शक्यता जास्त, हे तसंच राहिलं. मी वर्गात हा प्रयोग केला. चित्रं गोळा केली, उलटीपालटी केली, चेंबर्स यांच्यासारखीच निघाली, आणि मी सरांना म्हटलं, बघा, घरून काय काय डोक्यात घेऊन येतात.

सर मागे बसलेलेच होते. म्हणाले, “तुम्ही सूचना काय दिलीत?”

मी म्हणाले होते: “शास्त्रज्ञाचं चित्र काढा. तो काम करताना दिसला पाहिजे.”

तो! मुलांनी सूचना पाळली होती.

दुसऱ्या तुकडीला मी तेच सांगितलं, पण “शास्त्रज्ञ काम करताना दाखवा” एवढंच. बायका वाढल्या, फार नाही. पांढरा कोट, विस्कटलेले केस आणि धूर निघणारा चंबू दोन्हीकडे तितकाच होता. धुराबद्दल वेगळं लिहायला हवं, मी आजवर एकही धूर काढलेला नाही.

तेव्हापासून मी आपल्या क्रियापदांकडे बघायला लागले. “शास्त्रज्ञ काय करतो?” म्हटलं की झालं. “शास्त्रज्ञ काय करतात?” म्हटलं की कोणीही असू शकतं. “शास्त्रज्ञांनी प्रयोग केला” यात क्रियापद प्रयोगाच्या मागे जातं, करणाराची चौकशीच करत नाही. मराठीत पळवाटा पुष्कळ आहेत, फक्त बोलताना अर्धा क्षण थांबावं लागतं. तो खडू फिरवण्याचाच क्षण.

आणि “मुलांनो”? हा शब्द मला फार आवडतो. मूल, मुलं, मुलांनो. यात सगळे आले. पण शेजारी “मुली” आला की “मुलं” लगेच मुलग्यांची होतात: “मुलं इकडे, मुली तिकडे.” मी वर्गालाच विचारलं, “मुलांनो म्हटलं की त्यात तुम्ही असता का गं?” खिडकीजवळची एक म्हणाली, “असतो बाई. पण ‘मुलांनो, गोंगाट करू नका’ म्हणता तेव्हा नसतो.” वर्ग हसला. मग दुसरी हळूच म्हणाली, “आणि ‘मुलांनो, टेबल उचलायला या’ तेव्हापण.” टेबल उचलायला मी दर वेळी मुलग्यांनाच बोलवायची. सतरंजी झाडायला मुलींना. आमच्या विज्ञानाच्या टेबलाचं वजन दोन तेरा वर्षांच्या मुलींना सहज पेलतं, हे आम्ही त्याच दिवशी करून पाहिलं.

प्रयोगशाळेत हीच वाटणी जास्त पक्की होती. गटात एक मुलगा उपकरण धरतो, दुसरा “मला दे” म्हणतो, आणि मुलगी नोंदी लिहिते, कारण तिचं अक्षर चांगलं. वर्षअखेरीला तिच्याकडे उत्तम वही असते आणि ब्युरेटची, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी कशी फिरते ते तिला माहीत नसतं. आता चार कामांची चार कार्डं आहेत: मांडणी, हाताळणी, नोंद, धुलाई. प्रत्येक तासाला कार्ड पुढे सरकतं. पहिल्या फेरीत हाताळणीचं कार्ड आलेल्या एकीने तोटी उघडली ती बंदच करेना. थेंबाथेंबाने सोडायचं ते भस्सकन गेलं आणि फ्लास्कमधलं द्रावण गुलाबीच्या पलीकडे जाऊन किरमिजी झालं. ती कळवळली. मी म्हटलं, पुन्हा भर. तीनदा भरलं. तिसऱ्यांदा एका थेंबावर ती थांबली, तोटी दोन बोटांत धरून, श्वास रोखून, आणि फिकट गुलाबी रंग हलवल्यावरही गेला नाही. तिच्या गटातला नोंदवाला मुलगा तोपर्यंत तीनही वाचनं लिहून बसला होता, कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात. शेवटी त्याने स्वतःहून लिहिलं होतं: “पहिली दोन चुकली कारण तोटी लवकर बंद झाली नाही.” चुकीची नोंद करायची असते, हे आमच्या सुवाच्य वह्यांत मी कधी वाचलं नव्हतं.

धुलाईच्या कार्डावरून दोन पालक भेटायला आले. मुलग्यांचेच. तो भाग सोडून देते.

आता ज्या एका मुलाबद्दल लिहायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं, त्याबद्दल. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. वर्ष, तुकडी, सगळं बदललं आहे. इथे मी “ते मूल” असंच म्हणणार आहे. व्याकरणाने या लिंगाला फार कठोर नाव दिलंय, पण आपले सगळ्यात मायेचे शब्द त्यातच आहेत: मूल, लेकरू, बाळ, पोर. स्वीडनमध्ये ‘तो’ आणि ‘ती’च्या जोडीला ‘हेन’ हा शब्द रुजवावा लागला, २०१५ मध्ये तो स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात आला. आपल्याकडे “ते” आधीपासून आहे. अर्थात आठवीतल्या कोणाला तोंडावर “ते आलं” म्हटलं तर ते अपमान समजेल. म्हणून फक्त इथे, लिहिण्यापुरतं.

झोपेच्या तासांची आठवडाभर नोंद ठेवायची असं गृहपाठाला दिलं होतं. बाकी सगळ्यांनी लिहिलं होतं: “मी सहा वाजता उठतो”, “मी साडेसहाला उठते.” या मुलाने लिहिलं होतं: “उठण्याची वेळ सहा. झोपण्याची वेळ दहा.” सात दिवस तसंच, रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. मला वाटलं, शिस्तीचं आहे. मग केव्हातरी कान टवकारले गेले. उशिरा आलं की “मला उशीर झाला”. प्रश्न सुटला की “झालं माझं”. “मी केलं”, “मी वाचलं”, “मला वाटतं”, “उद्या आणेन”. या सगळ्यांत बोलणारा कोण ते कळत नाही. “मी आलो” किंवा “मी आले” मात्र कधीही नाही. “मी करतो”, “मी करते” नाही. अडलंच तर “आम्ही”: “आम्ही तिथेच राहतो.” मराठीत मी म्हटलं की दर दुसऱ्या वाक्याला आपण कोण ते जाहीर करावं लागतं, आणि हे तेरा वर्षांचं मूल दिवसभर, प्रत्येक तासाला, ते जाहीर करायचं टाळत वाक्यं जुळवत होतं. माझ्या अर्ध्या क्षणाचं मला केवढं कौतुक वाटत होतं.

मी विचारलं नाही. विचारायचं ठरवलं होतं, एकदा थांबवूनही घेतलं होतं, आणि मग वही परत देऊन पाठवून दिलं. ज्याने इतक्या कष्टाने एक दार लोटून ठेवलंय, तिथे मी कोण टकटक करणार? त्याऐवजी मी स्वतःचं बोलणं बदललं. “तू आलास का”, “तू करतेस का” याऐवजी “झालं का?”, “जमतंय का?”, “कुठवर आलंय?”, “सांगशील?” आधी सगळ्यांनाच “तुम्ही” म्हणून पाहिलं होतं, पण वर्गात खसखस पिकली. “बाई अहोजाहो करतायत, काहीतरी बिनसलंय.” ते सोडलं.

दुसरी गोष्ट दिसली ती पाण्याची बाटली. प्रयोगशाळेत बाटल्या दाराजवळच्या फळीवर ठेवायच्या असतात. शेवटच्या तासाला बाकीच्या रिकाम्या, ही गळ्यापर्यंत भरलेली. रोज. आमच्या शाळेत स्वच्छतागृहाला दोन दारं आहेत, एकावर एक चित्र, दुसऱ्यावर दुसरं. कोणत्या दारातून जायचं हा प्रश्न नको असेल तर एकच मार्ग उरतो, पाणी प्यायचं नाही. अमेरिकेतली ‘ग्लिसन’ (GLSEN) ही संस्था १९९९ पासून समलिंगी, पारलिंगी अशा विद्यार्थ्यांची शाळेतल्या अनुभवांबद्दल सर्वेक्षणं करत आली आहे. शाळेतली कोणती जागा टाळता, या प्रश्नाच्या उत्तरात स्वच्छतागृह वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतं.

आजारी खोलीच्या शेजारी एक एकटं स्वच्छतागृह आहे. पाहुणे आले की उघडायचं, एरवी कुलूप. त्या किल्लीसाठी मी तीन अर्ज केले. पहिल्यात कारण लिहिलं नाही, तो परत आला. दुसऱ्यात “विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी” लिहिलं, त्यावर “कोणत्या विद्यार्थ्यांच्या?” अशी विचारणा आली. तिसऱ्यात मी खऱ्याच असलेल्या चार सोयी लिहिल्या: पाय प्लास्टरमध्ये असलेला एक, पोटाचं औषध चालू असलेली एक, पाळी अचानक आली तर, उलटी झाली तर. पाचवी लिहिली नाही. दोन महिन्यांनी कुलूप निघालं. दारावर चित्र नको म्हणून मी हट्ट धरला. सरांनी सुबक अक्षरात फक्त “स्वच्छतागृह” लिहून दिलं. आता तिथे सगळेच जातात. रांग लागते, आणि रांगेत कोण का उभं आहे हे कोणी बघत नाही. मला हवं होतं ते हेच.

याच सुमारास शाळेत समानतेवर बैठक झाली. भित्तिपत्रकं, निबंधस्पर्धा, एक व्याख्यान असं ठरलं. मी सवयीने वहीच्या कोपऱ्यात खुणा करत होते. बैठकीत चौदा जण होतो, सहा पुरुष, आठ बायका. बोलण्याच्या खुणा पुरुषांकडे दुप्पट पडल्या. मध्येच पाणी हवं झालं तेव्हा कोणी काही न सांगता उठलेल्या दोघींपैकी एक मी होते. वही तशीच उघडी ठेवून.

सर अजून येतात. गेल्या महिन्यातलं पान समोर आहे. चिठ्ठ्यांमुळे आता डावंउजवं काही उरलेलं नाही, ठिपके बऱ्यापैकी पसरलेत. पण मागच्या दोन रांगांत, भिंतीकडच्या कोपऱ्यात, सात बाक सलग कोरे आहेत. त्यांत मुलगे आहेत, मुली आहेत. माझी नजर तिथवर जातच नाही, कदाचित चष्म्याचा नंबर वाढला असेल. सर म्हणाले, “आता चित्र वर कललंय.”

आणि ते मूल. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात वह्या तपासायला गोळा करत होते. त्याची वही नव्हती. मी हात पुढे करून उभी राहिले, काही विचारलं नाही. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि दोन शब्दांत सांगितलं, की वही घरी विसरली आहे. “मी” आणि त्याच्यापुढे एक क्रियापद. “राहिली” नाही, “आणायची राहून गेली” नाही. सरळ विसरण्याचं क्रियापद, त्याच्या खऱ्या शेवटासकट. तो शेवट कोणता होता ते मी इथे लिहिणार नाही.

खडू हातात नव्हता, तरी मूठ तीनदा फिरली. मग म्हटलं, “उद्या आठवणीने आण. पाच गुण आहेत वहीला.”